प्रवासाचा इतिहास : नाही

पुणे, डिसेंबर २०२१चा दुसरा आठवडा

सकाळी ६:५०

डोळे उघडले की आधी फोनवर रन बघायचा. काल संध्याकाळी जीनोम वाचणाऱ्या नॅनोपोरच्या यंत्रावर कोरोनाचे नमुने चढवून आम्ही निघालो होतो. प्लेटमध्ये ९६ खाचा, त्यांत ९४ नमुने आणि दोन कंट्रोल. रात्रभर लाइट गेली नाही, सर्व्हरवरची जागा संपली नाही, रन पडला नाही. आमच्या धंद्यात एवढ्यावर दिवस चांगला उजाडला असं म्हणतात.

आईचा प्रश्न चहाच्या आधीच आला. "तो नवा ओमायक्रॉन, आपल्याकडे आला का गं?" गेल्या आठवड्यात चार तारखेला तो डोंबिवलीच्या एका प्रवाशात सापडला होता, पाच तारखेला पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात. म्हटलं, "आला तो आलाच. आता किती वाटांनी आला ते बघायचंय." या उत्तरात तिला काडीचा रस नव्हता. तिने डबा हातात दिला.

८:१५

जिल्ह्यांतून येणारी गाडी फाटकाशी उभी. गाडीवाले दादा थर्माकोलचे खोके उतरवतात, सोबत कागदांची चळत. खोके उघडून नळ्या यादीशी ताडून घ्यायच्या हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते पाळीपाळीने करायचं. आज माझी पाळी.

स्वॅब ज्या द्रवात येतो त्या व्हीटीएमच्या एका नळीवर मार्करने लिहिलेला आकडा ओल येऊन फिसकटला आहे. शेवटचा अंक ३ की ८? यादीत ३ म्हणजे एकसष्ट वर्षांच्या बाई, ८ म्हणजे चोवीस वर्षांचा मुलगा. दोघांचे जिल्हे वेगळे. अंदाजाने ३ धरला तर जीनोम बिनचूक वाचला जाईल आणि भलत्याच जिल्ह्याच्या नावावर जमा होईल. नळी बाजूला, फोन जिल्ह्याला.

कागद खरे वाचण्यासारखे. नमुन्याचा एसआरएफ क्रमांक, वय, पत्ता, पिन कोड, लस, सीटी व्हॅल्यू आणि शेवटून दुसरा रकाना : प्रवासाचा इतिहास. त्यात बहुतेक ठिकाणी 'नाही'. विचारलं आणि नाही म्हणाले, की विचारलंच नाही, हे त्या दोन अक्षरांवरून कळायला मार्ग नाही. काहींचा रकाना कोरा. एकावर नुसतं 'दुबई', तारीख नाही. आता दुबई म्हणजे काय समजायचं? मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण सापडले ते पुण्यातलं, दुबईहून परतलेलं जोडपं. डोंबिवलीचा प्रवासी केप टाउनहून निघाला, दुबईत विमान बदललं, दिल्लीत उतरला, तिथून मुंबईत आला. अर्ध्या जगाचे लोक जिथे विमान बदलतात त्या शहराचं नाव रकान्यात लिहून विषाणू कुठला ते ठरत नाही.

सीटी तीसच्या वर असलेल्या नळ्याही बाजूला काढते. त्यांत विषाणू इतका थोडा की निम्मा जीनोम रिकामा येतो. म्हणजे आम्ही जे वाचतो ते सगळ्या पॉझिटिव्हचं वाचन नव्हेच. भरपूर विषाणू असलेले, ज्यांची चाचणी झाली, ज्यांची नळी धड पोचली, त्यांचं.

१०:००

ओल्या कामाची खोली. इथे बोलणं कमी, पिपेटचा खटखटाट जास्त. आरएनए काढून त्याचा डीएनए करायचा आणि मग सुमारे चारशे अक्षरांच्या, एकमेकांवर थोड्या चढलेल्या तुकड्यांत अख्खा जीनोम वाढवायचा. तुकडे शंभराला एक कमी. शेजारचे तुकडे एकाच नळीत वाढवले तर गोंधळ होतो म्हणून दोन वेगळ्या नळ्या, एकीत सम, दुसरीत विषम. ही आर्टिक या संशोधक गटाची पद्धत, २०२०च्या जानेवारीपासून जगभर चालू आहे. ओमायक्रॉनने मात्र स्पाइकमध्ये तिसाहून जास्त बदल केल्यामुळे हे तुकडे वाढवणारे काही प्रायमर चिकटतच नाहीत आणि नेमक्या बघण्याच्या जागी भोकं पडतात. नवे प्रायमर मागवले आहेत. येतील तेव्हा येतील.

११:१५

माझी खरी जागा : दोन स्क्रीन, एक डगमगती खुर्ची. कालच्या रनमध्ये आधी कंट्रोल उघडायचा. नुसत्या पाण्याच्या खाचेत विषाणूची वाचनं सापडली तर बाकीच्या ९४चं कौतुक करण्यात अर्थ नाही. आज पाणी स्वच्छ आहे.

मग एकेक नमुना संदर्भाशी लावायचा. संदर्भ म्हणजे वुहानमधल्या एका रुग्णाचा जीनोम, २९,९०३ अक्षरांचा, १० जानेवारी २०२० च्या रात्री (आपल्याकडे ११ उजाडली होती) जगाला खुला झालेला. जिथे वाचन वीसपेक्षा कमी वेळा झालं तिथे अक्षर न लिहिता एन लिहायचा, म्हणजे 'माहीत नाही'. नवी मुलं या एनना घाबरतात, ते लपवायला बघतात. मला चुकीच्या अक्षरापेक्षा एन बरा वाटतो.

पुढचं काम नवं नाही. माझ्या रोजच्या वाटेवर भांडारकर संस्था लागते. तिथल्या पंडितांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना हेच केलं होतं. शेकडो पोथ्या, सगळ्या हाताने उतरवलेल्या, आणि उतरवणारा कुठे ना कुठे चुकणार. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक असेल तर त्या एका घराण्यातल्या. चुका जुळवत गेलं की पोथ्यांची वंशावळ उभी राहते. विषाणूची नक्कल करणारं एन्झाइमही चुकतं, महिन्याला साधारण दोन चुका टिकतात, आणि आम्ही त्या जुळवतो. पण पंडितांपुढे होती ती अडचण आमच्यापुढेही आहे : जी पोथी कुणाच्या तरी माळ्यावर राहिली आणि कुणी आणलीच नाही, ती वंशावळीत दिसत नाही. तिची मुलं मग दुसऱ्याच कुणाच्या पदरात टाकली जातात.

महिन्याला दोन चुका हा वेग या कामाला फार मंद आहे. ओमायक्रॉन एका माणसाकडून दुसऱ्याकडे तीन-चार दिवसांत जातो. म्हणजे एका चुकीपासून दुसरीपर्यंत तो चार-पाच माणसं ओलांडतो आणि त्या सगळ्यांचा जीनोम अक्षरन् अक्षर सारखा. शिवाय हा काही आठवड्यांपूर्वीच पसरू लागलेला, त्यामुळे जोहान्सबर्ग, लंडन, पिंपरी सगळीकडचे बहुतेक जीनोम शून्य, एक, दोन अशा मोजक्याच अक्षरांनी वेगळे. दोन नमुने सारखे आले की माणसाचा जीव लगेच 'सापडलं' म्हणायला धावतो. तिथेच हात आवरायचा असतो.

दुपारी १:१०

डबा. आज वांग्याचं भरीत आणि गप्पांना वॉशिंग्टन राज्य. नव्याने आलेल्या मुलाने ती गोष्ट अर्धीच ऐकली होती, म्हणून पुरी सांगावी लागली.

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतला पहिला रुग्ण सिएटलच्या उत्तरेला सापडला, वुहानहून परतलेला. त्याच्या संपर्कातल्यांवर लक्ष ठेवलं, कुणी आजारी पडलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी त्याच काउंटीत, परदेशी न गेलेल्या एका मुलाचा जीनोम वाचला गेला, तर त्यात पहिल्याच्या खुणा आणि वर थोड्या नव्या. निष्कर्ष डोळ्यांसमोर होता : पहिल्या रुग्णापासून विषाणू सहा आठवडे गुपचूप पसरतो आहे. बातमी जगभर गेली, आणि तिच्यामुळे लोक लवकर सावध झाले हेही खरं. पुढे मायकेल वोरोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हिशोब पुन्हा मांडला. तिथल्या साथीतल्या जीनोममध्ये पहिल्या रुग्णापेक्षा दोन बदल जादा होते, आणि ते दोन्ही नसलेला किंवा एकच असलेला मधला टप्पा तिथे एकाही नमुन्यात मिळत नव्हता. पहिल्यापासूनच साथ सुरू झाली असती तर तसे नमुने मिळायला हवे होते. म्हणजे त्याची साखळी तिथेच तुटली असावी आणि साथ पेटवणारा विषाणू नंतर, वेगळ्या वाटेने आला असावा.

मुलगा म्हणाला, "मग पहिल्यांदा चुकलंच ना?" आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "सावध केलं ते बरोबर. 'ह्याच्याकडूनच' म्हटलं ते घाईचं." मग भरताच्या वाटणीवरून वाद झाला.

२:००

झाड. आमचे जीनोम, त्यांच्या शेजारी गिसेड या जागतिक जीनोम-साठ्यावरून उतरवलेले इतर देशांचे, आणि आयक्यू-ट्री या प्रोग्रामला त्यांचं झाड काढायला बसवायचं. तासभर पंखा घरघरतो, मग स्क्रीनवर फांद्या उलगडतात. भारतातले नमुने केशरी रंगात, बाकीचे राखाडी. राखाडी फांदीतून जिथे केशरी फुटते ती एक 'एंट्री' धरायची. मोजायला सोपं, भरवसा ठेवायला अवघड. राखाडीत ज्या देशाचे जीनोम ढिगाने, तोच देश सगळ्यांचा बाप दिसतो. ब्रिटन महिन्याला लाखांनी वाचतं, म्हणून आत्ता माझ्या झाडावर अर्धा महाराष्ट्र लंडनहून आल्यासारखा दिसतोय. नायजेरियाचे नमुने चिमूटभर. पिंपरी-चिंचवडचं पहिलं कुटुंब नायजेरियाहून आलं होतं हे आम्हाला झाडाने सांगितलेलं नाही. महापालिकेने विचारलं, त्यांनी सांगितलं, म्हणून ठाऊक आहे.

ब्रिटनचा अभ्यास मी नव्यांना पहिल्याच आठवड्यात वाचायला देते. २०२०च्या पहिल्या लाटेतले पन्नास हजारांहून जास्त जीनोम, निम्म्याहून अधिक त्यांच्याच देशातले. निघालं काय, तर त्या बेटावर विषाणू एकदा नव्हे, हजाराहून जास्त वेळा वेगवेगळा शिरला होता. चीनमधून थेट आलेल्यांचा वाटा एक टक्काही नव्हता. स्पेन, फ्रान्स आणि इटली हे मोठे दरवाजे, आणि वर्दळ मार्चच्या मध्याला सर्वांत जास्त. मुलं इथपर्यंत वाचून थांबतात. पुढचं पान मी उघडून दाखवते : स्पेन, फ्रान्स ही नावं एकट्या झाडातून आलेली नाहीत. कुठल्या देशातून किती प्रवासी उतरले आणि त्या दिवसांत त्या देशात साथ किती होती, हे आकडे लावून ती काढली आहेत. किती वेळा शिरला हे जीनोमने सांगितलं, कुठून हे प्रवाशांच्या हिशोबाने. आणि तो 'हजार' हाही किमान आकडा. न वाचलेल्या नमुन्यांतल्या एंट्री कुणी मोजल्या नाहीत.

आपल्याकडचं पहिलं उदाहरण मला त्याहून आवडतं. ३० जानेवारी २०२०, केरळ, वुहानहून परतलेली विद्यार्थिनी. पाठोपाठ आणखी दोघं, तीही वुहानचीच. नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्हीत) आले. तिघांपैकी दोघांचे पूर्ण जीनोम तिथे वाचले गेले आणि ते एकसारखे नव्हते. त्यावरून शास्त्रज्ञांनी एवढंच म्हटलं की देशात विषाणूचे हे दोन वेगळे प्रवेश आहेत. एकाच शहरातून आलेले दोघे, पण एकाकडून दुसऱ्याला नाही. जीनोमला हे जमतं : तो 'नाही' ठामपणे म्हणतो. 'हो' म्हणवून घ्यायला त्याच्यामागे माणसं लावावी लागतात.

आणि पुढचा महिना बघा. ३ फेब्रुवारीनंतर २ मार्चपर्यंत देशात एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही. विमानतळांवर तापमापक धरलेले होते ते आधी चीनहून येणाऱ्यांसाठी, मग हळूहळू आणखी देशांसाठी. २ मार्चला दोन सापडले : दिल्लीचा इटलीहून आलेला, तेलंगणचा दुबईहून. परदेशातून येणाऱ्या सर्वांची तपासणी ठरली ४ मार्चला. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने भारतीय जीनोमांत एक वेगळाच गट ओळखला, आज त्याला बी.६ म्हणतात. तोवरच्या भारतीय जीनोमांपैकी सुमारे ४१ टक्के या एकाच गटाचे होते. खुणा अशा की तो फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन देशभर पसरला असावा. म्हणजे नोंदवहीत जो महिना कोरा दिसतो त्याच महिन्यात साथ रुजत होती. पुढे युरोपातून आलेल्या बी.१ घराण्याने त्याला मागे टाकलं.

दिशा उलटीही असते. बी.१.६१७, ज्याच्या एका फांदीला नंतर डेल्टा नाव मिळालं, तो आपल्याकडेच आधी सापडला. २०२१च्या मार्चमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं तेव्हा बोट महाराष्ट्राच्या नमुन्यांकडेच होतं. मग जगभर 'इंडियन व्हेरियंट', मेअखेर ग्रीक अक्षर येईपर्यंत. म्हणून आता दक्षिण आफ्रिकेची विमानं बंद करा असा ओरडा झाला की मला त्यांच्या लोकांची दया येते. त्यांनी वाचलं, २४ नोव्हेंबरला कळवलं आणि शिक्षाही त्यांनाच. नेदरलँड्सने जुने नमुने उघडले तर १९ नोव्हेंबरच्या एका स्वॅबमध्ये ओमायक्रॉन आधीच बसलेला होता.

४:१०

फोन. एका पालिकेचे आरोग्य अधिकारी. आवाज बसलेला, मागे कुणीतरी रिपोर्टसाठी भांडतंय.

"मॅडम, तो सोसायटीवाला विषय. वरच्या मजल्यावर लंडनहून पाहुणा, खालचे आजोबा पॉझिटिव्ह, पाहुण्याला आणणारा कॅबवाला पॉझिटिव्ह. पाहुण्याकडूनच दोघांना गेला ना? पेपरवाले विचारतायत."

तिन्ही नमुने कालच्या प्लेटमध्ये होते. आजोबा आणि पाहुणा, फरक शून्य. "सर, जुळतंय. पण अगदी हाच जीनोम आमच्याकडे आणखी तिघांत आहे, आणि त्यांचा या सोसायटीशी संबंध नाही. पाहुण्याकडून आलेला असू शकतो, एवढंच लिहीन."

"आणि कॅबवाला?"

कॅबवाल्याचं मी दोनदा उघडून पाहिलं होतं. पाहुण्यात एक बदल आहे जो त्याच्यात नाही. त्याच्यात दोन आहेत जे पाहुण्यात नाहीत. तिन्ही जागी वाचन शंभराच्या वर, एन कुठेच नाही. "कॅबवाल्याला पाहुण्याकडून झालेला नाही, सर."

"मग कुणाकडून? त्याच्या फॉर्मवर प्रवासाचा इतिहास 'नाही' आहे. तो कधी विमानात बसलेलाच नाही."

"तो गाडी कुठे चालवतो?"

थोडा वेळ नुसता मागचा गोंगाट. "पुणे ते मुंबई विमानतळ," ते म्हणाले. "रोज."

आमच्या फॉर्मवर व्यवसायाचा रकाना नाही. मार्च २०२० मध्ये दुबईच्या जोडप्यानंतर दुसऱ्याच दिवशी जे पॉझिटिव्ह आले, त्यांत त्यांची मुलगी होती आणि त्यांना मुंबई विमानतळावरून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक होता. त्याचाही परदेश प्रवास नव्हता. पावणेदोन वर्षं झाली, फॉर्म सुधारून सुधारून तीन पानी झाला, लशीचे दोन्ही डोस आणि बॅच आली, आणि माणूस दिवसभर कुणाच्या शेजारी बसतो हे विचारायचं राहिलं. बंगळुरूच्या ज्या डॉक्टरांत २ डिसेंबरला ओमायक्रॉन जाहीर झाला त्यांनाही परदेश प्रवास नव्हता. 'परदेशातून आलेले' आणि 'इथले' असे दोन गठ्ठे करून ठेवले की मधली सगळी माणसं, चालक, हमाल, हॉटेलातले, विमानतळावर झाडू मारणारे, 'इथल्यां'त जातात आणि दरवाजा कुठे होता ते बुजून जातं.

"सर, त्याला विचारा ना, गेल्या दहा दिवसांत कुणाकुणाला आणलं. फ्लाइट आठवली तर उत्तमच."

"आता हेही आम्हीच करायचं?" म्हणाले, पण फोन ठेवताना "बघतो" म्हणाले.

५:४५

सकाळचे तुकडे वाढून तयार. मण्यांनी धुऊन, मोजून, प्रत्येकाला बारकोड लावून फ्लोसेलवर चढवायचे. मूठभर यंत्र. छिद्रात थेंब सोडताना हवेचा बुडबुडा गेला तर महागडा फ्लोसेल गेला, म्हणून त्या अर्ध्या मिनिटात खोलीत कुणी शिंकतसुद्धा नाही. छिद्रं भराभर हिरवी झाली. रन लागला.

रात्री ९:२०

घरून लॉगिन. एन जास्त असलेले जीनोम गाळून बाकीचे गिसेडवर चढवायचे. तारीख स्वॅबची टाकायची, रिपोर्टची नव्हे. ही गल्लत झाली की झाडाचं घड्याळच बिघडतं. वंशाचं नाव पँगोलिन हे सॉफ्टवेअर देतं आणि याच आठवड्यात त्याने ओमायक्रॉनचे बीए.१, बीए.२ असे भाग केले, त्यामुळे कालची नावं आज पुन्हा काढावी लागली. बीए.२ वर लक्ष ठेवायला हवं. बीए.१ पकडायला आरटीपीसीआरमधला एस जीन गळण्याची खूण वापरतात, ती यात दिसत नाही, म्हणजे त्या चाळणीतून तो सुटतो.

मग अहवाल. 'दुवा शक्य', 'दुवा नाही', 'सांगता येत नाही' असे तीन रकाने. तिसरा सर्वांत लांब. वरिष्ठांना तो आवडत नाही, पण मॅडम त्यावर सही करतात.

दहाला व्हॉट्सअ‍ॅप वाजलं. आरोग्य अधिकाऱ्यांनी कॅबवाल्याच्या डायरीच्या पानाचा फोटो पाठवला होता. पेट्रोलचा हिशोब, टोल, आणि कडेला बारीक अक्षरात भाडी : तारीख, वेळ, टर्मिनल २, सोडलं कुठे. जीनोमच्या तीन पानी फॉर्मपेक्षा नीट भरलेलं. त्याचा ताप सुरू होण्याच्या तीन-चार दिवस आधीच्या भाड्यांत दोन प्रवासी असे की पत्त्यावरून त्यांचे नमुने आमच्या यादीत सापडले. एक आत्ता यंत्रावर आहे, खाच डी-७. दुसऱ्याची सीटी ३१, सकाळी मीच बाजूला काढून ठेवली होती. मॅडमना मेसेज केला : ती नळी फेकू नका, उद्याच्या प्लेटमध्ये पहिली घेऊ, एन आले तर येऊ देत.